सहा चुका

2024 च्या जुलैमध्ये, म्हणजे लोणावळ्यात पाऊस उभा कोसळत असतो त्या दिवसांत, आमच्या घराच्या माळ्यावरून एक जुना संगणक खाली उतरला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर सुतळी. सुतळीची गाठ भाईंच्या हातची होती. ती आम्ही कात्रीने कापली नाही, सोडवत बसलो.

आम्ही म्हणजे या घरातले धाकटे दोघे भाऊ. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने सांगितले, दुसऱ्याने कागदावर उतरवले आणि जिथे पटले नाही तिथे भांडलो. त्यामुळे यात 'मी' कुठे येत नाही. भाई आमच्याहून थोरले. ते या घरात राहत नाहीत, आणि ते का राहत नाहीत हे सांगितल्यावाचून त्या संगणकाची गोष्ट पुरी होत नाही.

निमित्त झाले घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे. एका संध्याकाळी ती मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या ऐकत बसली होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी मुळशी, मावळ आणि महाराष्ट्रातल्या इतर भागांतल्या खेड्यांत फिरून बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. हे प्रचंड काम 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून हळूहळू लोकांसमोर येऊ लागले. पोरगी ऐकता ऐकता म्हणाली, "दादीपण अशाच गायच्या ना? त्यांचा आवाज कुठे आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आवाज होता. अकरा सीडींवर होता. पण कित्येक वर्षांत त्या सीडी कोणी लावल्या नव्हत्या.

अम्माचे माहेर पवन मावळातले. गावात मुसलमानांची दोन-तीनच घरे. तिने जाते ओढायला शिकले ते शेजारच्या बायकांबरोबर, आणि ओव्याही त्यांच्याकडूनच घेतल्या. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण जात्याचा खुंटा हातात आला की अम्माची भाषा मराठी होई. भावाच्या, माहेराच्या, लेकरांच्या ओव्या. मूळ ओवीत पंढरी आली असेल तर ती तशीच राही, आणि तिच्या स्वतःच्या ओवीत मदिना येई. यात काही वेगळे आहे असे तिला कधी वाटले नाही आणि आम्हांलाही नाही. अब्बा रेल्वेत गँगमन होते, बोरघाटातल्या रुळांवर. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्यावर पिठाची गिरणी जवळ होती, तरी डाळ भरडायला आणि लग्नाच्या हळदीला अम्माने जाते ठेवले होते. 1996 च्या सुमारास अब्बांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि अम्मा जात्यावर बसली की ते तो चालू करून बाजूला ठेवू लागले. साठ-साठ मिनिटांच्या अकरा कॅसेटी भरल्या.

लोणावळ्याची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कपाटातल्या चपलांना बुरा चढतो, पुस्तकांच्या कडा पिवळ्या पडतात. कॅसेटींच्या फिती चिकटू लागल्या. 2004 मध्ये भाईंनी त्या एकेक करून टेपरेकॉर्डरमधून संगणकात घेतल्या आणि सीडींवर उतरवल्या. संगणक त्यांचाच, 2003 मध्ये पुण्याला सुटे भाग घेऊन जोडून आणलेला. पेंटियम 4, 256 एमबी मेमरी, 40 जीबीची हार्ड डिस्क आणि सीडी लिहिणारा ड्राइव्ह. चाळीस जीबीत सगळे मावेना, म्हणून सीडी झाली की आतली फाइल पुसायची, असा क्रम. पुढे कॅसेटी बुरशीने गेल्या. म्हणजे अम्माचा आवाज त्या अकरा सीडींवर होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

आजच्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. पहिली सीडी घातली तर पडद्यावर आले की डिस्क कोरी आहे. दुसरी कोरी, तिसरी कोरी. अकराही कोऱ्या. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला दाखवले. तो म्हणाला, वीस वर्षांच्या सीडी आहेत, द्या टाकून.

तेव्हा माळ्यावरच्या संगणकाची आठवण झाली.

धूळ झटकली, आतला पंखा ब्रशने साफ केला, दोन दिवस तो उबदार कोरड्या जागी ठेवला आणि मग वीज जोडली. तो सुरू झाला. तारीख मात्र 1 जानेवारी 2002 दाखवू लागला, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सेल बदलला. विंडोज एक्सपीचे ते हिरवे माळरान पडद्यावर आले. पहिली सीडी घातली आणि यादी दिसली. एक, दोन, तीन असे चौदा ट्रॅक. सीडी कोरी नव्हती. पोरगी टाळ्या वाजवत आतल्या खोलीत धावली.

पण आनंद तेवढ्यापुरताच. ट्रॅक संगणकात उतरवायला लावला तर चार मिनिटांच्या ओवीला वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात माउस अडखळत चालला, पडदा गोठल्यासारखा झाला. ऐकायला लावले तर अम्माचा आवाज तुटत होता, मध्ये कडकड आवाज येत होता. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर प्रोसेसर शंभर टक्के कामात. एका सीडीसाठी संगणकाचा जीव चालला होता. ड्राइव्हची भिंग साफ केली, सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसल्या. फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी धाकट्याची बायको म्हणाली, "ज्यांनी लिहिल्यात त्यांनाच का विचारत नाही?"

आम्ही गप्प राहिलो. तिने स्वतःच फोन लावला. घरातल्या बायकांनी ईद, बाळंतपण, आजारपण यांत भाईंशी आणि भाभींशी बोलणे कधी सोडले नव्हते. अबोला होता तो आम्हा पुरुषांचा. भाई तळेगावला राहतात, तिथे त्यांचे झेरॉक्सचे आणि मोबाइल रिचार्जचे लहानसे दुकान आहे. लोणावळ्याहून लोकलने मध्ये मळवली, कामशेत, कान्हे आणि वडगाव एवढी चारच स्टेशने.

"भाईजान, सीडी वाचतोय पण फार हळू," तिने सांगितले.

पलीकडून क्षणभर काही आले नाही. मग भाईंचा आवाज आला, "फोन मोठ्याने करून टेबलावर ठेव. माउसपाशी कोण आहे?"

"धाकटे."

"धाकट्या, माय कॉम्प्युटरवर उजवं बटण दाब. प्रॉपर्टीज. मग हार्डवेअर, मग डिव्हाइस मॅनेजर. आयडीई कंट्रोलर्स उघड. सेकंडरी चॅनेल दिसतो? त्याच्यात अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. आता वाच काय लिहिलंय."

धाकट्याने वाचले. वर 'ट्रान्स्फर मोड' या ओळीत 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेले होते. खाली 'करंट ट्रान्स्फर मोड' या ओळीत 'पीआयओ मोड' असे होते.

"मग बरोबर आहे," भाई म्हणाले. "ड्राइव्ह बिघडलेला नाही. त्याला खाली उतरवलंय."

त्यांनी पुढे जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. चिक्कीच्या दुकानाची कल्पना करा. बाहेर टेम्पो उभा आहे आणि शेंगदाण्याची पोती आत आणायची आहेत. एक पद्धत अशी की मालक गल्ला सोडून स्वतः उठतो, एक पोते खांद्यावर घेतो, आत ठेवतो, पुन्हा बाहेर येतो. तेवढा वेळ गिऱ्हाईक ताटकळत उभे. ही पीआयओ. यात ड्राइव्हकडून येणारा प्रत्येक कण प्रोसेसरला स्वतः उचलून मेमरीत ठेवावा लागतो. दुसरी पद्धत म्हणजे हमालाला सांगायचे, इतकी पोती अमुक खोलीत ठेव आणि झाले की हाक मार. मालक गल्ल्यावरच राहतो. ही डीएमए. यात माल थेट मेमरीत जातो, प्रोसेसर मोकळा. कागदावर पीआयओचा वरचा वेगही सेकंदाला 16.7 मेगाबाइट आहे आणि 52 पटीच्या सीडीला लागतात जेमतेम 7.8. म्हणजे पुरायला हवे. पण मालकच पोती वाहू लागला की दुकान बंद पडते, ते या हिशेबात दिसत नाही. डीएमएचा जो प्रकार सीडी ड्राइव्हला मिळतो, त्यात मर्यादा 33 मेगाबाइटची आणि प्रोसेसरला त्रास जवळजवळ नाही.

"पण निवडलंय तर डीएमएच," आमच्यातला एक म्हणाला. "मग चालतंय पीआयओवर, हे कसं?"

"ती नुसती इच्छा आहे रे. संगणक चुका मोजतो. ड्राइव्हकडून उत्तर वेळेत आलं नाही, किंवा वाटेत माल बदलला असं तपासणीत दिसलं, की एक चूक लिहितो. अशा सहा झाल्या की वेग एक पायरी उतरवतो. चुका चालूच राहिल्या तर आणखी एक पायरी, असं करत करत शेवटी पीआयओ. आणि मग तिथेच."

"तिथेच म्हणजे? बंद करून चालू केला तर?"

"वहीत लिहिलेलं राहतं. सहा चुका एका दिवसातल्या असोत नाहीतर सहा वर्षांतल्या, मध्ये हजार वेळा नीट काम केलेलं असो. बेरीज होत जाते, वजाबाकी नाही."

फोन टेबलावर होता. आम्ही तिघे त्याभोवती उभे होतो. बाहेर पन्हाळीचा आवाज चालू होता. कोणी काही बोलले नाही. मग भाईच म्हणाले, "उपाय सोपा आहे. त्या चॅनेलवर उजवं बटण दाबून अनइन्स्टॉल कर. घाबरू नको, ड्राइव्ह जात नाही, त्याची नोंद जाते. संगणक बंद करून चालू कर. तो ड्राइव्हला नव्याने ओळखेल."

तसे केले. दोनदा सुरू करावा लागला. मग त्याच जागी 'अल्ट्रा डीएमए मोड 2' अशी अक्षरे आली. पहिला ट्रॅक अर्ध्या मिनिटाच्या आत उतरला. अम्माचा आवाज सलग आला, मागे जात्याची घरघर, आणि कुठूनतरी घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी. फोन अजून चालू होता. पलीकडे भाईही ऐकत होते. ट्रॅक संपल्यावर ते म्हणाले, "ठेवतो," आणि फोन बंद झाला.

त्या रात्री तीन सीडी उतरल्या. चौथीला पुन्हा माउस अडखळू लागला. पाहिले तर पुन्हा पीआयओ. नोंद पुसली, पुन्हा चालू केला. अर्ध्या तासात पुन्हा तेच. मध्यरात्र उलटून गेली तेव्हा आमच्या लक्षात आले की नोंद पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. चूक जिथून येते ती जागा तशीच होती.

या वेळी फोन आम्ही लावला. भाई म्हणाले, "केबल असेल. पट्टीसारखी करड्या रंगाची. इतकी वर्षं दमट हवेत, टोकं काळी पडली असतील. रविवारी येतो. तोवर तो चालू करू नका."

रविवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत आम्ही एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. आम्ही भाईंच्या चुका मोजल्या.

पहिली. भाईंनी 2001 मध्ये बाजारपेठेत गाळा भाड्याने घेऊन सायबर कॅफे काढला. तेव्हा तासाला पैसे देऊन लोक ई-मेल बघायला येत. तो 2006 मध्ये बंद पडला, कर्ज राहिले. दुसरी. ते कर्ज फेडायला अब्बांना गावाकडचा जमिनीचा तुकडा विकावा लागला. तिसरी. 2007 मध्ये धाकट्याच्या लग्नाला ते आले नाहीत. जमिनीवरून बोलणी झाली होती, ती लागली असावीत. त्याच वर्षी ते तळेगावला गेले. चौथी. 2012 च्या पावसाळ्यात अब्बा गेले तेव्हा भाई कामानिमित्त कल्याणला होते आणि मातीला पोहोचले नाहीत. आम्ही वाट पाहिली नाही. घाटात दरड आली होती, गाड्या अडकल्या होत्या. गँगमनच्या पोरांना हे कोणी सांगायला नको होते. आम्हांला ते त्याच दिवशी ठाऊक होते.

पाचवी आठवेना. बराच वेळ आठवत बसलो. थोरल्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय शोधताय?" आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "चारच? यंत्राने तरी सहापर्यंत वाट बघितली."

मग त्यांनीच दुसऱ्या बाजूचे मोजायला सुरुवात केली. अम्माच्या आजारपणात, 2009 मध्ये ती गेली तोवर, दर आठवड्याला तळेगावहून औषधे कोण आणत होते? आमच्या मुलीची फी एका वर्षी कोणी भरली होती? आणि कॅसेटी सडू लागल्या तेव्हा रात्र-रात्र जागून सीडी कोणी केल्या? यातले आमच्या वहीत काहीच लिहिलेले नव्हते.

आम्हांला अब्बांची आठवण आली. बोरघाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट असा आहे. गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात आणि ती लोणावळ्याला सुटतात. पावसाळ्यात दरड आली, रुळाखालची खडी वाहिली, की त्या तुकड्यावर वेगाचे बंधन येते. त्याला अब्बा 'कॉशन लागला' म्हणत. ड्रायव्हरला तसा कागद मिळतो आणि रुळाशेजारी पाटी लागते. पण अब्बांच्या बोलण्यात त्याच्याइतकाच दुसराही शब्द असे, 'कॉशन उठला'. काम झाले, साहेब पाहून गेले, की वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि शेवटी पाटी काढायची. पाटी काढायला माणूस नेमलेला असे. दुरुस्त झालेल्या रुळावर पाटी तशीच ठेवून गाड्या कायम रांगत नेल्या, असे अब्बांच्या नोकरीत कधी झाले नाही. आमच्या घरात मात्र 2007 साली लागलेला कॉशन कोणी उठवला नव्हता. तो उठवायचे काम आपले आहे हेच आम्हांला समजले नव्हते.

रविवारी सकाळच्या लोकलने भाई आले. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. दारात छत्री मिटताना त्यांनी आधी जात्याकडे पाहिले. जाते अजून ओसरीच्या कोपऱ्यात आहे. सलाम झाला. कोणी गळ्यात पडले नाही. वहिनी म्हणाल्या, "भाईजान, आधी नाश्ता." ते म्हणाले, "आधी केबल."

पिशवीत जुन्या केबलींचे भेंडोळे होते. सायबर कॅफेच्या दिवसांतले, त्यांनी जपून ठेवलेले. संगणक उघडून त्यांनी जुनी पट्टी काढली आणि उजेडात धरली. एका टोकाच्या पिना काळ्या पडल्या होत्या आणि मध्ये घडी पडून पट्टीला चीर गेली होती. "ही चाळीस तारांची," ते म्हणाले. "सीडीला चालते, पण ही घ्या ऐंशीची." दुसऱ्या पट्टीचे टोकही चाळीस पिनांचेच, पण तारा बारीक आणि दुप्पट. दर दोन कामाच्या तारांमध्ये एक तार नुसती जमिनीला जोडलेली, म्हणजे एकीतली कुजबुज दुसरीत जात नाही. निळे टोक मदरबोर्डला, काळे ड्राइव्हला. ड्राइव्हच्या पिना त्यांनी स्पिरिटने पुसल्या, केबल दोन-तीनदा बसवून काढली आणि मग घट्ट बसवली.

नोंद पुन्हा पुसली. संगणक सुरू झाला आणि 'अल्ट्रा डीएमए मोड 2' आले. "आता आणखी एक," भाई म्हणाले. त्यांनी रजिस्ट्री उघडली आणि त्या चॅनेलच्या खणात एक नवी नोंद केली. नाव लांबलचक होते, 'रीसेट एरर काउंटर्स ऑन सक्सेस', आणि किंमत 1.

"याने काय होतं?" पोरीने विचारले.

"एक काम नीट पार पडलं की आधीच्या चुका शून्य. लागोपाठ सहा झाल्या तरच वेग उतरेल. ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांनाच नंतर वाटलं असेल की आधीचा नियम जरा कडक आहे. म्हणून ही सोय ठेवली. पण ती आपण होऊन लागत नाही, कोणीतरी लावावी लागते."

आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांच्या बोलण्यात दुसरा अर्थ नव्हता. ते पडद्याकडेच बघत होते.

दुपारपर्यंत सीडी एकामागून एक उतरत गेल्या. सहा-सात मिनिटांत एक. भाईंनी क्रम लावून दिला, चांगल्या आधी, खराब शेवटी. कारण खराब सीडीवर ड्राइव्ह अडकून राहिला की चुका वाढतात आणि त्यांचा भुर्दंड चांगल्या सीडींना बसतो. सातव्या सीडीवर लांब ओरखडा होता, तोही मधून कडेला जाणारा नव्हे तर गोलाईबरोबर जाणारा. तो प्रकार वाईट. आडव्या ओरखड्याने थोडा थोडा माल जातो आणि तो भरून काढता येतो, गोलाईतल्या ओरखड्याने एकाच जागचा सगळा जातो. ती सीडी त्यांनी मुद्दाम कमी वेगाने लावली. पोरगी म्हणाली, "आता तुम्हीच हळू करताय." भाई म्हणाले, "हे आपण ठरवून केलंय. जखम आहे तिथे हळू. बाकी ठिकाणी कशाला?"

तरीही सातवीतली शेवटची चार मिनिटे मिळाली नाहीत. बाकी सर्व मिळाले. जवळजवळ अकरा तासांचा आवाज. तो आता तीन ठिकाणी ठेवला आहे. नखाएवढ्या कार्डात तो मावतो आणि वर जागा उरते.

जेवायला बसलो तेव्हा आम्ही भाईंना विचारले, नव्या ड्राइव्हला त्या सीडी कोऱ्या का दिसत होत्या. ते उठले, एक सीडी घेऊन आले आणि खिडकीपाशी तिरपी धरली. खालच्या बाजूला मधल्या छिद्रापासून एक गडद रंगाचे वर्तुळ होते आणि बाहेर फिकट पट्टा.

"गडद आहे तेवढं लिहिलेलं. फिकट आहे ते रिकामं. कॅसेट साठ मिनिटांची, सीडी ऐंशीची, वीस मिनिटं उरायची. लिहून झालं की सीडी बंद करायची असते. बंद केली की ती कुठेही वाजते, पण मग तिच्यात भर घालता येत नाही. मी बंद केल्याच नाहीत. न बंद केलेली सीडी बहुधा ज्याने लिहिली त्याच ड्राइव्हला वाचता येते."

"का नाही केल्या?"

"अम्मा अजून गाणार होती ना. म्हणाली होती, उन्हाळ्यात पुन्हा बसू. मग कॅफेची भानगड सुरू झाली." ते थांबले. "ती जागा तिच्यासाठी होती."

अकराही सीडींवर तो फिकट पट्टा होता. आम्ही प्रत्येक सीडी खिडकीपाशी धरून पाहिली.

सातवीतल्या हरवलेल्या चार मिनिटांत काय होते, ते आम्हा दोघांना आठवत नव्हते. भाईंना आठवत होते. दळण संपत आले होते, अम्माने शेवटची ओवी थोरल्या लेकावर घेतली होती, आणि मध्येच अब्बा कामावरून भिजून आले म्हणून ती हसायला लागली होती. टेप तशीच चालू राहिली होती. भाईंनी ती ओवी म्हणून दाखवली नाही. गळा नाही म्हणाले. पोरगी मागेच लागली तेव्हा शब्द नुसते सांगितले, आणि तिने ते वहीत लिहून घेतले.

संध्याकाळच्या लोकलला त्यांना सोडायला आम्ही दोघेही स्टेशनवर गेलो. धुक्यात समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. गाडी सुटताना आम्ही म्हणालो, "भाई, जमिनीचं ते, तेव्हा आम्ही फार बोललो."

"माझंही चुकलंच होतं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येताना स्पिरिटची बाटली आणतो. टेपरेकॉर्डर टाकून तर दिला नाही ना?"

टाकला नव्हता. माळ्यावरच होता. घरी येऊन आम्ही तो खाली काढला आणि कोरडा व्हायला चुलीपासून जरा लांब ठेवला.